रजिस्टर

तक्रारपेटीची किल्ली माझ्याकडे असते,
घराच्या किल्ल्यांच्याच जुडग्यात.
दर सोमवारी पेटी उघडते. बहुधा
सुपारीची रिकामी पुडी, सिटीबसचं तिकीट,
एकदा नुसतंच: पंखा फार आवाज करतो.

या सोमवारी निळ्या शाईत चार ओळी.
खाली सही, हेमांगी खैरनार, लघुलेखक.

मधल्या सुट्टीत समिती बसली
नाझरच्या खोलीमागे, मुद्देमालाच्या कपाटाला पाठ टेकून.
खिडकीत मेहेर सिग्नलचे हॉर्न.
बारा वर्षं तिनं परक्यांच्या जबान्या टाइप केल्या.
साक्षीदार रडला की बोटं उचलून धरायची,
मग पुढे.
आज स्वतःचं सांगताना तोंडातून गेलं,
"त्यांनी दार लावलं स्वल्पविराम
मी म्हटलं उघडा पूर्णविराम."
कुणी हसलं नाही.

गायधनींचा आणि माझा डबा अठरा वर्षं एकत्र.
त्यांच्या घरच्या खुरासणीच्या चटणीचा वास
अजून माझ्या झाकणाला आहे.
माझ्यासमोर त्यांनी कधी दार लावलं नव्हतं.
मी नोटिशीवर 'श्री.' लिहिलं
आणि तिथंच टिंब गिरवत राहिले.

तिनं जबानी वाचली,
एक ऱ्हस्व दीर्घ केला,
समासात आद्याक्षरं घातली.
मग विचारलं, मॅडम, याला नंबर पडेल ना?

इथं कालव्यातल्या पाण्याला नंबर पडतो,
भावाभावांतल्या वीतभर बांधाला,
हरवलेल्या म्हशीलाही.

समितीचं रजिस्टर काढलं. सात वर्षांपूर्वीचं,
दरवर्षी तपासणीचा शिक्का, आत कोरं.
पान दाबून सपाट केलं
आणि पहिल्या रकान्यात लिहिलं,
एक.