अर्धी गोळी

पुन्ता अरेनासमध्ये वारा फार सुटला
की चौकाचौकात दोर बांधतात,
माणसांना धरून चालायला.
येर्को दोर धरत नाही.
त्याला किती हात लागले असतील, कोण जाणे.
नऊ वर्षांचं, पंचवीस किलोचं पोर
तिरकं होऊन चालतं,
आणि मी मागून दप्तराचा पट्टा धरून.

पहिल्या गोळीनं फरक पडला होता, खोटं का बोला.
दोन तासांची आंघोळ चाळीस मिनिटांवर आली.
ऑक्टोबरात त्यानं शेजारच्या कुत्र्याच्या पाठीवरून हात फिरवला.
ओतिलियानं कॅलेंडरवर त्या दिवशी
नुसतं एक टिंब काढलं.
शब्द लिहायची हिंमत झाली नसेल.

मग मे आला, दिवस आखडले,
चारचा आकडा परत आला.
उंबरठा चार वेळा. नळ चार वेळा.
आई मरणार नाही ना, चार वेळा,
आणि उत्तर हुबेहूब तेच लागतं:
नाही, नक्की नाही.
आवाज जरा हलला की पहिल्यापासून.
उत्तर देऊ नका, म्हणतात थेरपिस्टबाई.
त्या साडेसहाला घरी जातात.

डॉक्टर अरावेना महिन्यातून एकदा विमानानं येतात.
म्हणाले, मंत्रचळ चिवट आहे,
पहिलीला हात द्यायला दुसरी देऊन बघू.
अर्धीच. रात्री.

आता टेबलावर माहितीपत्रक पसरलंय,
फटीतून येणाऱ्या वाऱ्यानं उडू नये म्हणून
वर साखरेचा डबा.
झोप. भूक. वजन.
चेहऱ्याच्या स्नायूंची आपोआप हालचाल.
मुलग्यांच्या छातीत क्वचित दूध.
ओतिलिया ती ओळ वाचते,
डबा सरकवून तिच्यावर ठेवते.

तिला इवोमामा आठवतो.
औषधांनी जड झालेला,
चहात पाव बुडवून विसरून गेलेला,
खिडकीशी.
"तेव्हाची औषधं वेगळी होती," मी म्हणतो.
"खिडकी तीच आहे," ती म्हणते.

मी फेरीबोटीवरचा मेकॅनिक.
इंजिन खोकायला लागलं तर
एका वेळी एकच गोष्ट बदलायची,
नाहीतर कशानं काय झालं ते कळत नाही.
पण इंजिन बंद करून ठेवता येतं.
इंजिनाचे हात कोपरापर्यंत सोललेले नसतात.
इंजिन रात्री अडीच वाजता
आपल्याच खोलीच्या दारात उभं राहून
आत जाता येत नाही म्हणून रडत नाही.

द्यायची तर आपण दिली.
नाही द्यायची तर तेही आपणच.
अकरा वाजले. बारा.
गॅस बंद आहे का, मी उठून पाहिलं.
बसलो. पुन्हा उठलो.
तिसऱ्यांदा ओतिलियानं माझ्याकडे पाहिलं,
आणि आम्ही दोघंही हसलो,
फार वाईट हसलो.

तेवढ्यात तो आला. अनवाणी.
उंबरठ्यावर एक, दोन, तीन, चार.
"माझ्याबद्दल बोलताय?"
हो.
"त्या गोळीनं तो गप्प होईल?"
बहुतेक.
"आणि मी?"

याचं उत्तर त्या पत्रकात कुठंच नव्हतं,
दोन्ही बाजू वाचल्या होत्या आम्ही.

"नक्की काही होणार नाही ना मला?"
जिभेवर तेच तीन शब्द आले,
घासून गुळगुळीत झालेले.
"माहीत नाही," मी म्हणालो.
"आम्ही बघत राहू. तू सांगत राहा."
त्यानं पुन्हा विचारलं.
मी पुन्हा तेच.
तिसऱ्यांदा त्यानं विचारलं, रडत.
चौथ्यांदा विचारलं की नाही, मला आठवत नाही.
ओतिलिया म्हणते, विचारलं.

शुक्रवारी तिनं भाजीच्या सुरीनं गोळी कापली.
दोन तुकडे झाले,
एक मोठा, एक लहान,
आणि थोडा भुगा.

असमान.
त्याला दिसलं ते.
आम्ही दोघं पाण्याच्या ग्लासाकडे बघत राहिलो.
बाहेर सामुद्रधुनीवर वारा, नेहमीचाच.

"हा आज," तो लहान तुकडा उचलत म्हणाला,
"आणि तो उद्या."
मग ग्लासाच्या काठाला बोट लावलं त्यानं.
मी मोजलं नाही.
म्हणजे, तीनपर्यंत मोजलं.