एक हात खिशात

हॅलो, धुरूबाई, आधी हातातला स्क्रूड्रायव्हर
खाली ठेवा.
मग विचारा काय ते.

प्लग काढलात? चांगलं केलंत.
नुसतं बटण बंद करून भागत नाही,
उपसलेला प्लग डोळ्यांसमोर ओट्यावर दिसला पाहिजे.
आता त्याच बोर्डात मिक्सर लावून बघा.
फिरला? म्हणजे बोर्ड शाबूत,
खोट पेटीतच.
आणि तो दोन पिनांचा कन्व्हर्टर कुणी लावून दिला?
जावयांनी. बरं.
जावयांना म्हणावं, तिसरी पिन शोभेची नसते.

दिवा लागतो, बशी फिरते,
शेवटी टिंगही वाजतं, आणि वरण थंडच.
आवाज कसा? नेहमीपेक्षा जाड? घूंऽऽ असा?
कपभर पाणीही ठेवून पाहिलंत, कोमटसुद्धा नाही.
मग पुन्हा लावू नका. पुरे झाली परीक्षा.
तुमच्याकडून व्हायचं तेवढं झालं,
उरलेलं चार स्क्रूंच्या पलीकडे आहे.

पलीकडे एक डबी आहे, बाई.
खोकल्याच्या बाटलीएवढी, दिसायला गरीब.
कपॅसिटर म्हणतात.
प्लग काढल्याचं तिला कुणी सांगितलेलं नसतं.
जुना अपमान धरून बसावं
तशी ती वीज धरून बसते,
किती वेळ, ते तिचं तिला ठाऊक.
तुम्ही समजणार, यंत्र मेलंय,
आणि ते नुसतं गप्प असतं.

साहेब पलंगावरून सांगताहेत ना, उघड, उघड म्हणून?
ऐकू येतंय मला.
त्यांना सांगा, तुम्ही रेडिओ उघडायचात.
रेडिओ माफ करतो.

आमचे पडवळ मास्तर,
लॅमिंग्टन रोडच्या पोटमाळ्यावर मी पोरगा असताना
पहिल्या दिवशी त्यांनी पान्हा नाही दिला, खिसा दाखवला.
एक हात इथे, तांडेल. कायम.
वीज एका हातातून दुसऱ्या हाताकडे निघाली
की वाटेत काळीज लागतं.
वीस वर्षं हेच सांगत आले,
आणि एका शनिवारी, दिवाळी तोंडावर, पाच ओव्हन रांगेत,
झाकण सरकलं म्हणून त्यांनी
दुसरा हात टेकवला. नुसता टेकवला.

वाचले. हो, आहेत अजून.
डाव्या हाताची दोन बोटं कपाच्या कानाभोवती
मिटत नाहीत, एवढंच.
आता गल्ल्यावर बसून बिलं लिहितात,
आणि मी कुठलंही झाकण काढायला घेतलं
की आधी माझ्या खिशाकडे बघतात.

मी कुर्ल्यात आहे, एका फ्रीजपाशी.
सहापर्यंत माहीमला पोचतो.
डायोड गेला असेल, नाहीतर ती डबीच,
उघडल्याशिवाय सांगणार नाही, पैसेही नाही.
तुमच्याकडे खारा वारा आहे, गंज असेलच,
आणि घड्याळाच्या आकड्यांमागे ऊब असते,
तिथे झुरळं संसार थाटतात. मागच्या वेळी
एक जण पावणेबारावर मरून पडला होता, आठवतं?
तुम्ही महिनाभर म्हणत होतात,
घड्याळ अडलंय.

तोवर वरण गॅसवर ठेवा.
आणि उद्या चालू झाल्यावर
पाणी तापवाल तेव्हा कपात आइस्क्रीमची काडी टाकून ठेवत जा,
उकळलेलं दिसत नाही आणि हात लावताच उसळतं, असंही होतं.
स्टीलची वाटी नको, हे काय सांगायचं तुम्हाला,
पण साहेबांना सांगा.

हॅलो?
स्क्रूड्रायव्हर ठेवलात ना?
नाही, तोंडी नको.
ओट्यावर ठेवा, कडप्प्यावर,
मला वाजलेला ऐकू द्या.

हां.