नियम सात, पोटनियम क

रबाळे एमआयडीसी, गाळा क्रमांक अडतीस.
शटर अर्धं खाली, बाहेर पाऊस, तिसरा दिवस.
जुन्या टायरांवर अकरा जण, एक रेडिएटरच्या खोक्यावर,
आणि इतिवृत्ताला मी,
कारण माझं अक्षर बरं आहे,
आणि या विषयावर मी बोलू नये
असं सगळ्यांनाच वाटतं.

विषय एकच: पावसातल्या शर्यतीत गाडीच्या पाठचा दिवा.
किती, केवढा, जमिनीपासून किती वर,
सतत जळता की लुकलुकता,
आणि लावायचा कुणाच्या सांगण्यावरून.

मढवी म्हणतो, लुकलुकताच. डोळा हलत्या गोष्टीकडे जातो,
खाडीत रात्री बोट नेणाऱ्या माझ्या काकाला विचारा.
फ्लाविया म्हणते, तुझ्या काकाच्या पुढचा ब्रेक मारत नाही.
ताशी एकशेवीसला मी ठरवू कधी,
तो लुकलुकतोय की थांबतोय?
लोखंडे किंमत विचारतो.
साडेआठ हजार, बाहेरून मागवला तर.
लोखंडेची गाडी शहाऐंशी सालची, घरीच सोललेली,
सीट काढून वजन कमी केलंय तिचं, आणि संसाराचंही.
कुट्टन, अर्ध्या गाड्यांचं वायरिंग ज्याच्या हातचं,
नख खरवडत म्हणतो,
वॅट मोजताय सगळे. पाणी कोण मोजणार?

मग कुणीतरी म्हणालं, बघूया की करून.

मागच्या बोळात गाड्या धुवायचा पंप लावला.
दिवेलागणीची वेळ, उजेड मळकट.
दिवा धरायला इद्रिस पुढे झाला.
इद्रिसच. डावा खांदा त्याचा अजून थोडा खाली.
चाळीस पावलांवर आम्ही,
मधे पंपवाला पोरगा, हवेत पीठ उडावं तसं पाणी.

लाल दिसला. सगळ्यांना दिसला.
मढवी ओरडला, झालं तर मग! दिसतोय!
तेवढ्यात इद्रिस चालू लागला आमच्याकडे,
पोरगा फवारा घेऊन त्याच्यापुढे मागे सरकत,
आणि कुणालाच कळलं नाही.
ठिपका होता तिथेच होता,
तिथेच होता,
आणि एकदम त्याचे भिजलेले बूट आमच्या बुटांना लागले.

वही मिटली मी.
म्हणालो, गेल्या ऑगस्टात हेच झालं.
चौकशीत मी लिहून दिलं होतं, दिवा दिसला नाही.
दिसला होता.
सगळी सरळ धाव दिसत होता, लांब वाटत होता.
एक दिवा एवढंच सांगतो की कुणीतरी आहे.
दोन असते तर ते एकमेकांपासून दूर जाताना
मला कळलं असतं, मी जवळ येतोय.

पंप कुणी बंद केला माहीत नाही.
पन्हाळीतून पाणी पडत होतं तेवढं ऐकू आलं.
इद्रिस कोपरापासून अंगठ्यापर्यंत
वायर गुंडाळत राहिला, सोडून पुन्हा गुंडाळत.
मग म्हणाला, दोघांत अंतर किती ठेवायचं?
मिलिमीटरमध्ये बोल.

पुढचा तासभर आकड्यांवरच भांडलो.
लोखंडे म्हणाला, म्हणजे सतरा हजार!
कुट्टन म्हणाला, कळंबोलीच्या ट्रकबाजारातून
जोडी आणून देतो बाराशेत, काच तूच घास.

इतिवृत्तात आलं ते असं:
दिवे दोन, लाल, सतत जळते, रुंदीच्या दोन टोकांना.
लावणं चालकाच्या मर्जीवर नाही.
मढवी विरोधात. फ्लाविया तटस्थ.
माझं ते एक वाक्य कुठल्या कलमात बसवावं कळेना,
समासात लिहिलं, पेन्सिलीने.
मग त्यावरून पेन फिरवलं.

परतताना ठाणे-बेलापूर रस्त्यावर
पुढे सळयांचा ट्रक, सळया हातभर बाहेर आलेल्या.
मागचे दोन्ही दिवे मेलेले.
टोकाला बांधलेलं एक लाल फडकं,
ओलं, लोखंडाला चिकटलेलं, अजिबात न हलणारं.
घणसोलीपर्यंत मी त्याच्यामागे राहिलो, बरंच मागे,
आणि माझ्यामागचा कुणीतरी
हॉर्नवरचा हात काढत नव्हता.