दीड हात जागा

समन्स दुकानावरच आलं. वेंगुर्ल्याचं कोर्ट,
साक्षीदार क्रमांक चार, कॅमेरे बसवणारा.
बेलीफ चहा प्यायला, साखर कमी म्हणाला,
आणि जाता जाता विचारलं,
दुकानातला तो वरचा चालू असतो का?

उभादांड्याला, समुद्राकडे पाठ केलेलं खोबरेकरांचं घर.
हर्षद बोटीवर. फोन आला,
काजूच्या बिया चोरीला जातात, चार लाव.
चार लावले. खळं, पडवी, विहीर, काजूतली वाट.
पाचवा घरात.
चोरांचं नाव त्याने पुन्हा काढलं नाही,
मीही नाही.

मी स्टुलावर, फोन स्पीकरवर:
"थोडो डावीकडे. अजून. मागीलदार दिसूक व्हया."
स्टूल धरून खाली त्याची बायको.
चिऱ्याचा तांबडा भुगा पडला तिच्या भाकरीच्या पिठात.
तिने वरचं पीठ चिमटीने काढून टाकलं,
उरलेलं मळायला घेतलं.
नाव पुढे अर्जावर वाचलं. मृणाली.

खाऱ्या वाऱ्यात काच टिकत नाही,
दोन-दोन महिन्यांनी मीठ पुसायला जायचो.
रात्री उबेला पाल येऊन बसते, कोळी जाळं विणतो,
कॅमेऱ्याला वाटतं घरात कोणी धावतंय,
आणि भर समुद्रात एक फोन वाजतो.

वाळत घातलेली रातांब्याची सालं ओलांडून आत जावं
तर ती सरबत द्यायची ते नेहमी एकाच जागेवरून.
फ्रिज आणि मोरीच्या मधली दीड हात जागा.
माझा कॅमेरा तिथे पोचत नव्हता.
एकदा तिथूनच म्हणाली,
"ह्येका आयकाकव येता काय हो?"
नाही, म्हटलं.
मग तिने एक वाक्य म्हणून बघितलं,
मोठ्याने, भिंतीकडे तोंड करून.
ते मी सांगणार नाही. कोर्टाने विचारलंही नाही.

तो दीड हात मी मुद्दाम सोडला,
असं तीन वर्षं स्वतःला सांगत आलो.
स्क्रू अर्धा फेरा कमी पिळला,
एका बाईला श्वास घ्यायला पुरेल एवढी चूक.
देवापुढे दाखवायला माझ्याकडे तेवढंच होतं.

कोर्टात पडद्यावर तिचं स्वयंपाकघर.
त्याचे वकील म्हणाले, नव्वद दिवसांचं चित्रीकरण आहे, साहेब,
एक थप्पड दाखवा.
ती भात वेळते. बांगडे कापते. मांजराला हाकलते.
मग रजेवर आलेला तो, गंजीफ्रॉकात.
तिचा दंड धरतो,
जत्रेत वाट काढताना धरावा तसा,
आणि दोघं चौकटीबाहेर जातात.
नुसता ओटा. चार मिनिटं अकरा सेकंद.
फ्रिजवरची लोणच्याची बरणी हलते.
थांबते. हलते.
तो येतो, पाणी पितो.
ती येते, विळीवर बसते.

"आवाज?" न्यायाधीशांनी विचारलं.
नाही साहेब, स्वस्तातलं मॉडेल.

तिच्या वकीलबाई म्हणाल्या,
ती जागा घरात सगळ्यांना ठाऊक होती.
त्याचे वकील म्हणाले, फ्रिज जुना आहे,
सुरू होताना हलतो.
माझ्याकडे कोणी बघितलं नाही.
माझं काम फक्त प्रमाणपत्रापुरतं:
सदर यंत्र त्या काळात सुस्थितीत चालू होते.
होतं.
सही करताना पेन दोनदा अडलं, तिसऱ्यांदा उमटलं.

ती मागच्या बाकावर होती,
कोर्टाच्या कॅमेऱ्याच्या बरोब्बर खाली,
जिथलं त्याला दिसत नाही.

पुढची तारीख गणपतीनंतर.
स्टँडवर गाडीची वाट बघत फोन काढला.
दुकान दिसलं. गल्ला, पंखा, वायरची बंडलं.
बायको कुठे दिसेना.
आमच्या दुकानात कुठलं दिसत नाही
ते मला माहीत आहे. तिलाही असणार.
फोन खिशात टाकला.
गाडी आली नव्हती.
परत काढला.