श्वासाचा नंबर दोन

इदवालच्या स्वयंपाकघरात, किटली बाजूला सारून,
मी सगळं मांडलं टेबलावर:
अर्ध्या विटेएवढं काळं खोकं,
त्याला नखाएवढा पडदा, हिरवे आकडे,
आणि बांगोरच्या एका विधवेकडून आणलेलं
तीन कळांचं फुंकवाद्य.
पितळ नाही, कर्णा नाही, फक्त फुंकायला एक चोच.
“हे वाजतं?”
“हे वाजत नाही. हे नुसतं सांगतं.
वाजायचं काम खोक्याचं.”
“म्हणजे मुकादम आणि आम्ही,” इदवाल म्हणाला,
आणि त्याचं हसू खोकल्यात गेलं.

त्रेचाळीस वर्षं त्यानं पाटीचा दगड चिरला
ब्लायनायच्या डोंगराच्या पोटात.
कुठल्या कुठल्या गावांच्या छपरांवर
त्याच्या हातच्या पाट्या आहेत.
उरलेली भुकटी त्याच्या छातीत.
शनिवारी बँडमध्ये तो कॉर्नेट वाजवायचा
आणि मी त्याच्या डावीकडे, टेनर हॉर्नवर, एकतीस वर्षं.
त्याचा सूर कसा उठायचा, मला सांगता येणार नाही.
माझ्या उजव्या खांद्याला विचारा.

तार पाच दातांची.
एकाच्या तोंडातून निघून दुसऱ्याच्या कानात जायला हवी.
मी आधी तोंडाला तोंड जोडलं,
चॅपलच्या कमिटीत होतं तसं,
बोलणारे दोन, ऐकणारा कुणी नाही.
मग कान सापडला तर चॅनल वेगळा:
हा पहिल्यावर बोलतोय,
खोकं तिसऱ्यावर ताटकळलेलं.

मग आला एकदाचा सूर,
दाराची बेल वाजावी तसा.
हळू फुंकलं तरी तेवढाच,
जीव काढून फुंकलं तरी तेवढाच.
इदवालनं चोच ओठांतून काढली.
“हा मी नाही,” म्हणाला.

पुस्तिका भिंगाखाली धरून तिसऱ्यांदा वाचली
तेव्हा कुठे कळलं:
श्वासाचा नंबर दोन असतो,
आणि खोकं बसलं होतं सातची वाट बघत.
एवढंच.
माणूस मागच्या दारी उभा,
आणि घरचे पुढच्या दाराला कान लावून.

आणखी एक आकडा होता,
किती श्वासाला किती आवाज, त्याचा.
कारखान्यातून येतो तो धडधाकट छातीच्या मापाचा.
मी माप उतरवत गेलो.
शिंपी उतरवतो तसं, न बोलता,
गिऱ्हाइकाच्या तोंडाकडे न बघता.
मेणबत्तीसुद्धा हलणार नाही एवढ्या फुंकरीला
खोकं गळ्यापर्यंत भरून आलं.

त्यानं ती संथ चाल धरली,
रविवारची, चौथ्या ओळीला
जिथं तो हमखास उशीर करायचा आणि बँडमास्तर चिडायचा.
उशीर केला.
माझा खांदा आपोआप थोडा सरकला,
त्याच्या कोपराला जागा द्यायला.

शेवटच्या स्वरावर खोकला आला.
हात झटकला गेला, तार निसटून फरशीवर पडली.
स्वर थांबला नाही.
थांब म्हणून त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.
शेवटचा निरोप होता: हा स्वर, इतका श्वास,
आणि खोकं तो पाळत राहिलं.

खोकला ओसरला. इदवालनं तोंड पुसलं,
कप जवळ ओढला.
स्वर तसाच. त्याच्या जुन्या छातीलाही
इतका लांब झेपला नसता.
जिन्यावरून नेस्टा धावत आली,
“बाबा, पुरे, दम लागेल तुम्हाला,”
आणि दारातच थबकली:
बाबांचे दोन्ही हात कपाभोवती.

मी बटणाकडे हात नेला.
“राहू दे जरा,” इदवाल म्हणाला.
“साखर इकडे दे.”