टोकन द्यायच्या आधी

बोपचे एजंटानं दाखवलं तेव्हा रविवार होता,
सकाळचे अकरा. नळाला पाणी होतं,
पाण्याला धारसुद्धा होती.
"मॅडम, एरिया एकदम शांत," तो म्हणाला,
"आरएल लेटर हातात, रिंग रोड हाकेवर,
आणि मेट्रो तर येऊनच राहिली."
येऊन राहिली.
आमच्याकडं क्रियापदं अशीच
उंबऱ्याबाहेर वर्षानुवर्षं चपला काढत असतात.

मी हो म्हटलं नाही.
मेडिकलमध्ये अठरा वर्षं सिस्टर आहे;
पेशंट इस्त्रीच्या कपड्यांत आला
तरी आधी नाडी बघते.

म्हणून बुधवारी गेले, एकटी,
मे महिन्यात दुपारी अडीचला,
हुडकेश्वरच्या डांबरावर चप्पल चिकटते त्या वेळी.
गल्लीत फक्त कूलर बोलत होते.
एकाची मोटर खोकत होती,
एकाच्या ताट्यांना खरा वाळा होता, वासावरून कळलं,
आणि दुसऱ्या मजल्यावरच्या कुणीतरी
कूलरचं सांडपाणी हिरव्या पायपानं
खालच्या कडुलिंबाला सोडलं होतं.
पायपाला मध्ये सुतळीनं बांधलं होतं, वाऱ्यानं हलू नये म्हणून.
ती सुतळी मी वहीत लिहिली.
नालीवर अर्धंच झाकण आहे, तेही लिहिलं.

मग शुक्रवारी, दुपारपाळी सुटल्यावर.
ऑटो सोडला तिथून गेटपर्यंत
चारशे बारा पावलं, तीन खांब, एक दिवा.
पुलियावर पोट्टे बसले होते, गाड्यांना टेकून.
हसणं थांबलं. एक जण म्हणाला,
"ताई, कोणाकडं?"
त्या 'कोणाकडं'मध्ये राखण होती
की दादागिरी,
मला अजून ठरवता आलेलं नाही.
"इथंच," म्हटलं, आणि चालत राहिले,
पाठीला कान फुटलेले.

सेक्रेटरींनी मात्र बसवलं. थंड पाणी दिलं.
मेंटेनन्स, लिफ्ट, गाडीची जागा,
आणि मग, ग्लास अर्धा व्हायच्या आत,
"आडनाव काय म्हटलं?"
"शेंडे."
"शेंडे म्हणजे..." त्यांनी वाक्य
खुर्चीसारखं माझ्याकडं सरकवलं,
"कोणते शेंडे?"
"वॉर्ड नंबर तेवीसचे," मी म्हटलं.
ते हसले. मीही हसले.
भिंतीवरच्या कॅलेंडरकडं मी बघितलं,
माझ्या गळ्याकडं, मनगटाकडं त्यांनी.
दोघांनाही हवं ते सापडलं नाही.
उरलेलं पाणी मी पिऊन टाकलं,
ऊन फार होतं.

खाली जिन्याच्या पोटात देवकाबाईचं टेबल.
कोळशाची इस्त्री, लाल पदर कमरेला,
माझ्याकडं न बघता म्हणाली,
"तीन चकरा झाल्या बाई तुमच्या.
आमी मोजून राह्यलो."

मला वाटलं होतं, नाडी माझ्या बोटांखाली आहे.

विचारलं तिला, कशी आहेत माणसं इथली?
तिनं शर्टाची कॉलर उलटी केली, पाणी शिंपडलं.
"दोन नंबरवाला पैसे बुडवते.
सेक्रेटरी तोंडानं बरा नाही, पण
माहा नातू पडला तवा गाडी त्यानंच काढली होती.
पुलियावरचे पोट्टे,
त्यायले मायबहिणी हायेत, पण
समद्यायलेच आठवते असं नाही."
इस्त्री उलटी ठेवली, निखारे हलले.
"घ्या, नका घेऊ. कपडे माह्याकडं टाकजा.
पांढरा मी पिवळा पडू देत नाही."

पांढऱ्याचं मी कुठं सांगितलं होतं तिला?

टोकनचा चेक अजून पर्समध्येच आहे,
तारीख टाकलेली नाही.
बोपचेचे दोन मिस्ड कॉल.
पिशवीत कालचा युनिफॉर्म होता, चुरगळलेला,
खिशाशी आयोडिनचा डाग.
काढून तिच्या टेबलावर ठेवला.
"शनिवारी येते घ्यायला," म्हटलं.
तिनं आडनाव न विचारता
आतल्या बाजूला कोळशानं एक खूण केली,
तिलाच कळेल अशी.