शून्य पूर्णांक आठ

सकाळी दहालाच नंदनवनच्या या खोलीत
कूलरच्या पाण्याला वाळ्याचा वास
आणि पडद्याच्या कोपऱ्यात तोच आकडा:
०.८० गिगाहर्ट्झ.
पाचाच्या घरात जाणारा प्रोसेसर
काल रात्रीपासून आठशे मेगाहर्ट्झवर बसलाय,
मोकळ्या चौकात
कुणी स्कूटर बंद करून बसावं तसा.

दोष द्यायला कंपनी नाही. जुळवाजुळव माझीच.
मदरबोर्ड सीताबर्डीच्या एका तळघरातला,
कॅबिनेट लोकेश परातेच्या भावाचं, एका बाजूनं चेपलेलं,
रॅम दोन हप्त्यांत.
आत सफरचंदवाल्यांची प्रणाली,
जी असल्या घरात नांदायला तयारच नव्हती.
तिला खोटं सांगून आणली मी:
हे आयमॅकच आहे बाई,
हा बघ अनुक्रमांक.

निनाव्यांच्या लग्नाची फिल्म रविवारी द्यायची.
रेंडरची पट्टी म्हणते, एकोणीस तास.
मग म्हणते, तेवीस.

मी आधी उन्हावर आळ घेतला.
मे महिन्यात नागपुरात काहीही नासलं
तर आळ उन्हावरच,
दूध असो की सोयरीक.
झाकण उघडलं: धूळ, एक वाळलेलं झुरळ,
हरवलेला स्क्रू.
जुनी पेस्ट खरडली, नवी लावली तुरीच्या दाण्याएवढी.
तापमान पाहिलं. एक्केचाळीस.
बाहेर रस्त्यावर सेहेचाळीस.
म्हणजे या गल्लीत तोच काय तो निवांत.

लोकेशला फोन लावला.
"तापला नाही वं तो. त्याले मालूमच नाही."
काय मालूम नाही?
"का पळता येते म्हनून."

भर दुपारी आला. डोक्याला दुपट्टा,
खिशात कांदा, आईनं दिलेला.
पाणी प्यायला, पुन्हा प्यायला,
मग पडद्यावरच्या तक्त्यातून बोट उतरवत गेला
एकेका ओळीवरून,
तांदळातले खडे पाहावेत तसं.

"हे पाह्य. पळ म्हनून सांगनारी फाइल हाय तुही.
पन तू हाक मारून राहिली सीपीयू शून्यले.
या बोर्डात त्याचं नाव
पीआर शून्य शून्य."

मला शेजारच्या बेबीमावशी आठवल्या.
रेशनकार्डावर सुभद्रा. गल्लीत कुणालाच ठाऊक नाही.
पोस्टमन दोनदा येऊन परत गेला
त्यांच्याच ओट्यावर त्यांनाच विचारून.

दोन अक्षरं खोडली, दोन लिहिली.
मशीन पुन्हा सुरू केलं.
काळा पडदा. पांढरी रेघ अर्ध्यात थबकली;
लोकेशनं कांदा मुठीत धरला.
मग रेघ पुढे सरकली,
आणि पंखा असा घुमला
की सोनेगावला उतरणारं विमान
छतावरूनच गेलं जणू.
४.७.
"चहा टाक," तो म्हणाला.

दीड तासात सगळं लग्न संपलं.

पण काल रात्री, जेव्हा चित्र
अडखळत, फ्रेमफ्रेमनं पुढे जात होतं,
मी पाहिलं होतं एक.
पाठवणीच्या गर्दीमागे, अगदी कडेला,
नवरीची मावशी, तिच्या रिकाम्या खुर्चीवरून
पदर फिरवते. एकदाच.
तेरा फ्रेम. अर्ध्या सेकंदाला थोडा जास्त वेळ.
आता या वेगात ती दिसतच नाही.

लोकेश गेला. कांदा टेबलावर विसरला.
मी तो तुकडा शोधून काढला, त्याची गती
हातानं कमी केली, तीस टक्क्यांवर आणली
आणि पुन्हा रेंडरला लावला.

रविवारी निनावे नक्की विचारतील:
मॅडम, इथं फिल्म अटकून राहिली का?